श्वासनलिका-विस्फाराच्या रुग्णांमधील क्षयेतर मायकोबॅक्टेरियाचा फुप्फुससंसर्ग : जोखीम घटकांचे विवेचन
(सिल्लोड व परिसरातील ग्रामीण आरोग्याच्या विशेष संदर्भात)

सारांश :
श्वासनलिका-विस्फार, म्हणजेच ब्रॉन्किएक्टॅसिस, हा श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचत राहण्याचा विकार आहे. अशा फुप्फुसात क्षयरोगाच्या जंतूशी नाते असलेले, परंतु क्षयरोग न करणारे मायकोबॅक्टेरिया ठाण मांडू शकतात. पाश्चात्त्य ग्रंथांत या संसर्गाचे जोखीम घटक सांगताना कृश बांध्याच्या वयस्क स्त्रीचे चित्र प्रामुख्याने रेखाटले जाते. भारतात श्वासनलिका-विस्फाराचे सर्वांत मोठे ज्ञात कारण पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग हे आहे. त्यामुळे आपल्याकडे जोखीम घटकांचा क्रम निराळा लावावा लागतो. रुग्णाला खरा धोका संसर्गापासून असतो तसाच तो चुकीच्या ओळखीपासूनही असतो, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

बीजसंज्ञा : श्वासनलिका-विस्फार, क्षयेतर मायकोबॅक्टेरिया, जोखीम घटक, क्षयरोगोत्तर फुप्फुसविकार, थुंकी तपासणी, ग्रामीण आरोग्य.

१. प्रस्तावना :
रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. तेव्हापासून थुंकीत आम्लस्थिर जंतू दिसणे म्हणजे क्षयरोग, असे समीकरण वैद्यकीय व्यवहारात रूढ झाले. ज्या देशात क्षयरोगाचे प्रमाण प्रचंड आहे त्या देशात हे समीकरण बहुतांश वेळा बरोबरही ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या वर्षात जगातील सुमारे २६ टक्के क्षयरुग्ण एकट्या भारतात होते. म्हणूनच खोकला, ताप, वजन घटणे आणि थुंकीत जंतू अशी लक्षणे दिसताच क्षयरोगाचा विचार प्रथम होणे स्वाभाविक व आवश्यक आहे.

तथापि काही रुग्णांच्या बाबतीत हे समीकरण फसते. क्षयरोगाचे उपचार पूर्ण झालेले असतात, मध्ये काही वर्षे बरी गेलेली असतात आणि पुन्हा खोकला व बेडका सुरू होतो. छातीच्या क्ष-किरण चित्रात जुने व्रण दिसतात, थुंकीत पुन्हा जंतू सापडतात आणि क्षयरोगाची औषधे पुन्हा सुरू होतात. या खेपेस मात्र रुग्णाला हवा तसा गुण येत नाही. असे अनेक रुग्ण औषध-प्रतिरोधी क्षयरोगाचे असतात. काही रुग्णांत मात्र जंतू क्षयरोगाचा नसतोच. तो क्षयेतर मायकोबॅक्टेरियम असतो आणि त्याला आसरा देणारी जागा असते रुंदावलेली श्वासनलिका.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोड हा प्रामुख्याने शेतीवर जगणारा तालुका आहे. कापूस, मका आणि मिरची ही येथील परिचित पिके होत. येथील रुग्णाला छातीचे सीटी स्कॅन किंवा थुंकीचे कल्चर यांसारख्या तपासण्यांसाठी सामान्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. अशा परिस्थितीत कोणत्या रुग्णाला पुढील तपासणीसाठी पाठवावे, हा प्रश्न केवळ शास्त्रीय न राहता कुटुंबाच्या अर्थकारणाचा बनतो. जोखीम घटकांचे ज्ञान येथेच उपयोगी पडते.

२. उद्दिष्टे :
१) श्वासनलिका-विस्फार आणि क्षयेतर मायकोबॅक्टेरिया यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) या संसर्गाचे जोखीम घटक भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील ग्रामीण परिस्थितीच्या संदर्भात तपासणे.
३) क्षयरोग समजून होणाऱ्या चुकीच्या ओळखीची कारणे सांगणे व ती टाळण्याचे व्यवहार्य मार्ग सुचविणे.

३. अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो द्वितीयक साधनसामग्रीवर आधारित आहे. प्रकाशित संशोधन, रुग्णनोंदणीचे अहवाल आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे यांचा त्यासाठी आधार घेतला आहे.

४. संकल्पना :
४.१ श्वासनलिका-विस्फार : या विकाराचे वर्णन फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८१९ मध्ये केले. निरोगी श्वासनलिकेच्या आतील बाजूस सूक्ष्म केसांसारख्या पक्ष्माभिका असतात. श्वासाबरोबर आत आलेली धूळ व जंतू पातळ कफात अडकतात आणि पक्ष्माभिकांच्या लयबद्ध हालचालीने तो कफ घशाकडे ढकलला जातो. क्षयरोग, गोवर, डांग्या खोकला किंवा तीव्र न्यूमोनिया यांमुळे नलिकेच्या भिंतीला इजा झाली की ती सैल पडते व कायमची रुंदावते. पक्ष्माभिका नष्ट होतात, कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे दाह होतो आणि दाहामुळे भिंत आणखी खराब होते. पीटर कोल यांनी १९८० च्या दशकात या प्रक्रियेची मांडणी 'दुष्टचक्र' म्हणून केली. विहिरीतील उपसा थांबल्यावर पाण्यावर शेवाळ धरावे, तसे येथे घडते. दोष केवळ बाहेरून आलेल्या जंतूचा नसतो, उपसा थांबल्याचाही असतो.

४.२ क्षयेतर मायकोबॅक्टेरिया : मायकोबॅक्टेरियम या प्रजातीत सुमारे दोनशे जाती आहेत. त्यांपैकी क्षयरोग करणारा गट आणि कुष्ठरोगाचा जंतू वगळता उरलेल्या सर्वांना क्षयेतर मायकोबॅक्टेरिया, संक्षेपाने एनटीएम, असे म्हणतात. माती, नैसर्गिक पाणी आणि नळाचे पाणी यांत त्यांचा वास असतो. अर्नेस्ट रन्यन यांनी १९५९ मध्ये वाढीचा वेग व रंगद्रव्य यांवरून त्यांचे वर्गीकरण केले. फुप्फुसाच्या आजाराच्या दृष्टीने मायकोबॅक्टेरियम एव्हियम समूह, ज्याला 'मॅक' म्हणतात, तसेच मायकोबॅक्टेरियम अॅब्सेसस आणि मायकोबॅक्टेरियम कॅन्सासी हे महत्त्वाचे आहेत.

क्षयरोग आणि एनटीएम यांतील मूलभूत फरक हा की क्षयरोग माणसाकडून माणसाला होतो, तर एनटीएम सामान्यतः परिसरातून येतो. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांमध्ये मायकोबॅक्टेरियम अॅब्सेससचा प्रसार एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे होत असल्याचे पुरावे २०१३ पासून पुढे आले आहेत. हा अपवाद वगळता एनटीएमच्या रुग्णाचे ताट-वाटी किंवा अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही. क्षयरोगाचा सामाजिक कलंक सोसणाऱ्या ग्रामीण कुटुंबासाठी ही माहिती औषधाइतकीच मोलाची आहे.

५. जोखीम घटक :
एनटीएम सर्वत्र असताना सर्वांना आजार होत नाही. माणूस रोज त्यांच्या सान्निध्यात येतो आणि बहुतेकांना त्याची जाणीवही होत नाही. म्हणजे केवळ संपर्क पुरेसा नाही, संपर्काला फुप्फुसाच्या किंवा शरीराच्या दुर्बलतेची जोड लागते. त्या दृष्टीने जोखीम घटकांचा विचार पुढीलप्रमाणे करता येईल.

५.१ पूर्वी झालेला क्षयरोग : युरोपातील रुग्णनोंदणीत श्वासनलिका-विस्फाराचे निश्चित कारण न सापडणाऱ्या रुग्णांचा गट सर्वांत मोठा आहे. भारताचे चित्र वेगळे आहे. २०१५ ते २०१७ या काळात देशातील ३१ केंद्रांमधून २,१९५ रुग्णांची नोंद करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांत ३५.५ टक्के रुग्णांमध्ये विकाराचे कारण क्षयरोग हे होते. कोणत्याही एका कारणाचा हा सर्वांत मोठा वाटा होय.

क्षयरोग बरा होतो, म्हणजे जंतू मरतात. फुप्फुस पूर्ववत होतेच असे नाही. व्रण आखडतात, शेजारच्या श्वासनलिका ओढल्या जाऊन रुंदावतात आणि काही ठिकाणी पोकळ्या उरतात. या पोकळ्यांत व रुंदावलेल्या नलिकांत एनटीएमला अनुकूल जागा मिळते. क्षयरोगाचा पूर्वेतिहास हा एनटीएमचा जोखीम घटक असल्याचे जगभर मान्य आहे. जेथे क्षयरोगच श्वासनलिका-विस्फाराचे प्रमुख कारण आहे तेथे या घटकाला यादीत पहिले स्थान देणे क्रमप्राप्त ठरते.

५.२ वय, लिंग व शरीराची ठेवण : वाढते वय, स्त्रीलिंग आणि कमी वजन हे घटक विविध देशांतील अभ्यासांत सातत्याने आढळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील २००८ च्या एका अभ्यासात एनटीएम फुप्फुसविकाराचे ६३ रुग्ण तपासले गेले. त्यांतील ९५ टक्के स्त्रिया होत्या. ५१ टक्के रुग्णांच्या पाठीच्या कण्याला बाक होता आणि ११ टक्क्यांची छाती मध्यभागी खचलेली होती. या स्त्रिया सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा उंच व कृश होत्या.

या प्रकाराला १९९२ मध्ये रीच व जॉन्सन यांनी 'लेडी विंडरमिअर सिंड्रोम' असे नाव दिले. सभ्यतेपोटी खोकला दाबून धरल्यामुळे उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडात व डाव्या बाजूच्या लिंग्युला या भागात कफ साचत असावा, अशी त्यांची उपपत्ती होती. हे नाव ऑस्कर वाइल्ड यांच्या १८९२ मधील नाटकातील नायिकेवरून घेतले आहे. मूळ नाटकातील ती नायिका तरुण आहे आणि तिला खोकल्याचा आजारही नाही. उपपत्तीही सिद्ध झालेली नाही. या नावामुळे हा आजार उच्चभ्रू घरातील वृद्ध स्त्रियांचा आहे असा समज मात्र होऊ शकतो आणि तो आपल्याकडे दिशाभूल करणारा ठरेल. ग्रामीण भागात कृशता बहुधा कुपोषणातून आणि पूर्वीच्या आजारपणातून आलेली असते. कमी वजन हा घटक येथेही लागू आहे, त्याची कारणे निराळी आहेत एवढेच.

५.३ आनुवंशिक घटक : सिस्टिक फायब्रोसिसशी संबंधित सीएफटीआर या जनुकातील उत्परिवर्तने, पक्ष्माभिकांच्या हालचालीतील जन्मजात दोष आणि अल्फा-१ अँटीट्रिप्सिन या प्रथिनाची कमतरता यांमुळे श्वासनलिका-विस्फार व एनटीएम संसर्ग या दोहोंचा धोका वाढतो. वर उल्लेखिलेल्या २००८ च्या अभ्यासात ३६ टक्के रुग्णांत सीएफटीआर जनुकातील उत्परिवर्तने आढळली होती. लहानपणापासून खोकला, वारंवार सायनसचा त्रास किंवा वंध्यत्व अशी पार्श्वभूमी असल्यास या कारणांचा विचार करावा.

५.४ सहव्याधी : दीर्घकालीन श्वसनरोध, म्हणजे सीओपीडी, सिलिकायुक्त धुळीने होणारा फुप्फुसविकार, जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचा विकार आणि संधिवातासारखे स्वयंप्रतिरोधी आजार हे महत्त्वाचे सहघटक आहेत. अस्परजिलस या बुरशीचा व एनटीएमचा संसर्ग एकाच रुग्णात आढळण्याचे प्रमाणही अधिक असल्याचे दिसून आले आहे. म्हणून एक सापडल्यास दुसऱ्याचा शोध घेणे इष्ट ठरते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती अतिशय खालावलेल्या रुग्णांत मॅकचा संसर्ग फुप्फुसापुरता न राहता सर्व शरीरात पसरू शकतो. तो प्रकार प्रस्तुत विषयाहून भिन्न आहे.

५.५ औषधे : श्वासावाटे घ्यावयाची स्टेरॉइड औषधे दमा व सीओपीडीच्या रुग्णांना आवश्यक असतात. तथापि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात ही औषधे घेणाऱ्यांमध्ये एनटीएमचा धोका अधिक असल्याचे आढळले. श्वासनलिका-विस्फाराच्या रुग्णाला दम्याचे लक्षण नसताना केवळ धाप लागते म्हणून पंप देणे योग्य नाही. तसेच संधिवातासाठी दिली जाणारी टीएनएफ-रोधक औषधेही धोका वाढवितात. पंपावर असलेल्या रुग्णाने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध बंद करू नये.

अॅझिथ्रोमायसिनचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. न्यूझीलंड, नेदरलँड्स आदी देशांत २०१२-१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून, हे औषध दीर्घकाळ दिल्यास श्वासनलिका-विस्फाराच्या रुग्णांतील आजाराचे उद्रेक कमी होतात असे दिसून आले. याच गटातील औषधे मॅकवरील उपचारांचा कणा आहेत. रुग्णाच्या फुप्फुसात मॅक असताना हे एकच औषध महिनोन् महिने दिले गेले तर जंतू त्यास प्रतिरोधी बनू शकतो आणि पुढील उपचार अतिशय अवघड होतात. म्हणून असा दीर्घकालीन उपचार सुरू करण्यापूर्वी थुंकीची एनटीएमसाठी तपासणी करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

५.६ माती व पाणी : शेतीप्रधान भागासाठी हा घटक विशेष विचारार्ह आहे. जपानमधील एका अभ्यासात मॅकचा आजार असलेले १०६ रुग्ण आणि संसर्ग नसलेले श्वासनलिका-विस्फाराचे ५३ रुग्ण यांची तुलना करण्यात आली. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन तास किंवा अधिक वेळ मातीशी संपर्क असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात २३.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ९.४ टक्के होते. दोन्ही गटांना श्वासनलिका-विस्फार होताच. म्हणजे आधीच बिघडलेल्या फुप्फुसाच्या बाबतीत मातीचा संपर्क फरक पाडतो, असा याचा अर्थ लावता येतो. जपानमध्ये जो संपर्क आठवड्याच्या हिशेबाने मोजला गेला तो आपल्याकडील निंदणी-खुरपणी करणाऱ्या मजुराचा रोजचा व्यवसाय आहे.

महाराष्ट्रातील पुरावाही उपलब्ध आहे. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी मध्य भारतातील पाणी व माती यांच्या नमुन्यांतून एनटीएम वेगळे काढून त्यांची ओळख पटविली. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजेच हे जंतू थंड प्रदेशातील न्हाणीघरांपुरते मर्यादित नाहीत.

पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या जंतूंचे बाह्यकवच मेणासारख्या स्निग्ध द्रव्याचे असते. त्यामुळे क्लोरीनचा त्यांच्यावर सहजासहजी परिणाम होत नाही. जे क्लोरीन अतिसाराचे जंतू मारते ते यांना पुरेसे ठरत नाही. नळ, टाकी व पाइप यांच्या आतील बुळबुळीत थरात, म्हणजे जैवपटलात, ते टिकून राहतात. अमेरिकेतील नऊ शहरांमधील ४५ शॉवरच्या तोंडांची तपासणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत या थरांमध्ये मायकोबॅक्टेरिया मोठ्या प्रमाणात एकवटलेले आढळले. धोका पाणी पिण्यापेक्षा त्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत जाण्यात अधिक असतो.

६. चुकीची ओळख : एक दुर्लक्षित धोका
वरील सर्व घटक संसर्ग होण्याशी संबंधित आहेत. भारतीय रुग्णाच्या वाट्याला त्यापुढील एक धोका येतो. तो म्हणजे एनटीएमला क्षयरोग समजण्याचा. याची कारणे पुढीलप्रमाणे होत.

पहिले कारण तांत्रिक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयरोगाचा जंतू व एनटीएम हे दोन्ही आम्लस्थिर, लालसर काड्यांसारखे दिसतात. केवळ पाहून त्यांत भेद करता येत नाही. दुसरे कारण लक्षणांचे साम्य. खोकला, बेडका, रक्त पडणे, थकवा, बारीक ताप व वजन घटणे ही दोन्ही आजारांची लक्षणे आहेत. तिसरे कारण क्ष-किरण चित्राचे. जुन्या क्षयरोगाच्या व्रणांमुळे नवे काय आहे हे ओळखणे कठीण जाते.

चौथे कारण अधिक फसवे आहे. क्षयरोगाच्या प्रथम उपचारात आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथाम्ब्युटॉल ही चार औषधे दिली जातात. त्यांपैकी रिफाम्पिसिन व इथाम्ब्युटॉल ही दोन मॅकच्या उपचारातही वापरली जातात. त्यामुळे रुग्णाला सुरुवातीस थोडा गुण येऊ शकतो आणि निदान बरोबर असल्याचा समज पक्का होतो. मुख्य औषध नसल्यामुळे आजार मात्र मुळापासून जात नाही. मायकोबॅक्टेरियम अॅब्सेससवर तर यांपैकी कोणतेच औषध उपयोगी पडत नाही. पुढे अशा रुग्णाची गणना औषध-प्रतिरोधी क्षयरोगात होण्याची शक्यता असते आणि त्याला अधिक तीव्र व अधिक दुष्परिणामांची औषधे घ्यावी लागतात.

या धोक्याकडे महाराष्ट्रातील संशोधकांनी यापूर्वीच लक्ष वेधले आहे. मुंबईच्या पी. डी. हिंदुजा रुग्णालयातील शेणई, रॉड्रिग्ज व मेहता यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा रोख क्षयरोगबहुल प्रदेशातही एनटीएमची जातवार ओळख पटविण्याची वेळ आली आहे, हाच होता. त्याही आधी तमिळनाडूतील चिंगलपट जिल्ह्यात १९६८ साली सुरू झालेल्या बीसीजी लसीच्या मोठ्या चाचणीत या जंतूंचा प्रश्न पुढे आला. लसीने प्रौढांच्या फुप्फुस-क्षयापासून संरक्षण दिले नाही, असा निष्कर्ष १९७९ मध्ये जाहीर झाला. परिसरातील मायकोबॅक्टेरियांचा लोकांना होणारा नित्य संपर्क हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले. त्या भागातील लोकांच्या थुंकीतून मिळालेल्या एनटीएमच्या जाती ओळखण्याचे काम १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आजची तपासणी व्यवस्था या बाबतीत पूर्वीपेक्षा अधिक साहाय्यक आहे. सीबीनॅट व ट्रूनॅट या जनुकीय तपासण्या क्षयरोगाच्या जंतूचाच शोध घेतात, एनटीएमचा नाही. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात, परंतु सीबीनॅटमध्ये क्षयरोगाचा जंतू आढळत नाही, असा विसंगत निकाल आल्यास एनटीएमची शंका घेणे आवश्यक आहे. हा निकाल तपासणीतील चूक म्हणून बाजूला टाकू नये. दुसरीकडे, नुकतेच उपचार पूर्ण केलेल्या रुग्णात मृत क्षयजंतूंच्या अवशेषांमुळे सीबीनॅट काही काळ सकारात्मक येऊ शकते. म्हणून जुन्या रुग्णाच्या बाबतीत कल्चर हाच निर्णायक आधार होय. कल्चरमध्ये वाढ झाल्यावर एमपीटी-६४ प्रतिजन चाचणीने क्षयरोगाचा गट व एनटीएम यांत भेद करता येतो. लाइन प्रोब चाचणी किंवा जनुकक्रम तपासणीने जात निश्चित करता येते.

७. जंतूची उपस्थिती आणि आजार यांतील भेद
येथे दुसऱ्या टोकाची चूकही टाळली पाहिजे. एनटीएम पाण्यात असल्यामुळे थुंकीच्या डबीतून, चूळ भरलेल्या पाण्यातून किंवा प्रयोगशाळेतूनही तो नमुन्यात येऊ शकतो. एकदा जंतू सापडला म्हणून आजार आहे असे म्हणता येत नाही. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी व इतर संस्थांनी २००७ मध्ये ठरविलेले आणि २०२० मध्ये कायम ठेवलेले निकष तीन अंगांचे आहेत. रुग्णाला लक्षणे असावीत. क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनमध्ये गाठी, पोकळ्या अथवा श्वासनलिका-विस्फार व त्याबरोबर अनेक लहान गाठी दिसाव्यात. तसेच वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या थुंकीच्या किमान दोन नमुन्यांत एकाच जातीचा जंतू वाढावा, किंवा श्वासनलिका धुऊन घेतलेल्या एका नमुन्यात वाढावा, अथवा ऊतीच्या तपासणीचा आधार मिळावा. याखेरीज इतर आजार, विशेषतः क्षयरोग, वगळला गेला पाहिजे.

जोखीम घटकांविषयीची आकडेवारी वाचतानाही अशीच सावधगिरी हवी. अमेरिकेच्या श्वासनलिका-विस्फार नोंदणीत १,८२६ रुग्ण होते आणि तिचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतुतपासणीची माहिती उपलब्ध असलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांत एनटीएम आढळले. हा आकडा मोठा वाटतो. तथापि या नोंदणीतील अनेक केंद्रे एनटीएमच्या उपचारांसाठीच प्रसिद्ध होती, त्यामुळे असे रुग्ण तेथे एकवटणे साहजिक होते. हे प्रमाण जसेच्या तसे महाराष्ट्राला लावता येणार नाही. शिवाय विस्फारामुळे एनटीएम येतो की एनटीएममुळे विस्फार वाढतो, या प्रश्नाचे उत्तर 'दोन्ही' असेच द्यावे लागते.

८. उपचाराचे स्वरूप
सर्वच रुग्णांना तत्काळ औषधे लागत नाहीत. लक्षणे सौम्य असल्यास आणि पोकळ्या नसल्यास नियमित तपासणी करीत थांबता येते. थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसत असल्यास किंवा फुप्फुसात पोकळी असल्यास मात्र उपचार लांबवू नयेत. मॅकसाठी अॅझिथ्रोमायसिन, इथाम्ब्युटॉल व रिफाम्पिसिन ही तीन औषधे एकत्र दिली जातात आणि थुंकीचे कल्चर नकारात्मक झाल्यानंतर किमान १२ महिने ती चालू ठेवावी लागतात. पोकळीच्या किंवा तीव्र आजारात अॅमिकॅसिनसारख्या इंजेक्शनची भर पडते. इथाम्ब्युटॉल चालू असताना दृष्टीची तपासणी आवश्यक असते. इतका दीर्घ उपचार पेलण्यासाठी रुग्णाला आजाराचे स्वरूप प्रारंभीच समजावून सांगणे अगत्याचे आहे.

औषधांइतकेच महत्त्व कफ बाहेर काढण्याला आहे. फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले श्वसनाचे व्यायाम, ठराविक स्थितीत झोपून कफ काढणे, पुरेसा प्रथिनयुक्त आहार आणि वजन राखणे या गोष्टी दुष्टचक्र तोडण्यास मदत करतात. यांपैकी बहुतेक गोष्टी घरच्या घरी करता येण्यासारख्या आहेत.

९. सिल्लोड परिसराच्या संदर्भात शिफारशी :
१) क्षयरोगाचे उपचार पूर्ण केलेल्या आणि तरीही दोन महिन्यांहून अधिक काळ बेडका पडणाऱ्या रुग्णाची 'क्षयरोगोत्तर फुप्फुसविकार' म्हणून स्वतंत्र दखल घ्यावी.
२) थुंकीत जंतू दिसणे व सीबीनॅट नकारात्मक येणे, असा निकाल आलेल्या प्रत्येक रुग्णाचा नमुना कल्चर व जातनिश्चितीसाठी पाठवावा. शक्य तेथे रुग्णाला पाठविण्याऐवजी नमुना पाठवावा, जेणेकरून त्याची खेप व मजुरी वाचेल.
३) श्वासनलिका-विस्फाराच्या रुग्णाला दीर्घकाळ अॅझिथ्रोमायसिन सुरू करण्यापूर्वी एनटीएमची तपासणी करावी. औषध दुकानातून हे औषध परस्पर घेण्याची सवय सोडावी.
४) ज्यांना हा विकार आहे त्यांनी कोरडी माती उडेल अशी कामे, उदाहरणार्थ धान्याची उफणणी किंवा कोरडे शेणखत पसरविणे, शक्यतो इतरांकडे सोपवावीत. ते शक्य नसल्यास माती ओलसर करून व नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावून काम करावे. साधा रुमाल बारीक कण पुरेसे अडवीत नाही.
५) पाण्याची टाकी वेळोवेळी रिकामी करून आतील बुळबुळीत थर घासून काढावा. शॉवरऐवजी बादलीतील पाण्याने स्नान करावे. वाफारा घेण्यासाठी उकळलेले पाणी वापरावे व भांडे स्वच्छ ठेवावे.
६) एनटीएमच्या रुग्णास कुटुंबात वेगळे ठेवू नये. मात्र क्षयरोग वगळला जाईपर्यंत नेहमीची खबरदारी पाळावी.

महाविद्यालयांनाही या कार्यात वाटा उचलता येईल. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने परिसरातील पाणी व मातीचे सर्वेक्षण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या सहकार्याने हाती घ्यावे. सेवाग्रामच्या अभ्यासाचा नमुना त्यासाठी समोर आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून दीर्घकाळ खोकला असलेल्या व्यक्तींना तपासणीसाठी प्रवृत्त करता येईल.

१०. निष्कर्ष :
१) श्वासनलिका-विस्फार हा एनटीएम फुप्फुससंसर्गाचा पाया आहे आणि भारतात त्या पायाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण पूर्वीचा क्षयरोग हे आहे.
२) वय, लिंग, कृशता व आनुवंशिकता हे पाश्चात्त्य अभ्यासांतील घटक आपल्याकडेही लागू पडतात, परंतु क्षयरोगाचा पूर्वेतिहास, कुपोषण आणि मातीशी रोजचा संपर्क यांना येथे अग्रक्रम द्यावा लागतो.
३) स्टेरॉइडचे पंप व एकट्याने दिलेले अॅझिथ्रोमायसिन हे टाळता येण्याजोगे घटक आहेत. वय किंवा जनुके बदलता येत नाहीत, औषधांचा वापर बदलता येतो.
४) क्षयरोग समजून पुनःपुन्हा केलेला उपचार हा भारतीय रुग्णापुढील स्वतंत्र धोका आहे. सूक्ष्मदर्शक तपासणी व सीबीनॅट यांचे निकाल एकत्र वाचणे आणि शंका आल्यास कल्चर करणे हा त्यावरील उपाय होय.
५) एनटीएम सापडणे म्हणजे आजार असणे नव्हे. लक्षणे, प्रतिमा व जंतू या तिन्हींचा मेळ बसल्यावरच उपचाराचा निर्णय घ्यावा.

क्षयरोगाविरुद्धच्या लढ्यात 'उपचार पूर्ण' ही नोंद महत्त्वाची आहेच. परंतु त्या नोंदीनंतरही रुग्णाचे फुप्फुस त्याच्याबरोबर राहते आणि त्याची काळजी पुढे अनेक वर्षे घ्यावी लागते. हे भान तालुका पातळीवरील आरोग्यसेवेत रुजल्यास अनेक रुग्णांची निष्फळ औषधोपचारांतून सुटका होऊ शकेल.